डबाभर पिरोगी

आमच्या राज्यात बेकारी भत्ता हवा असेल तर दर रविवारी फोन करावा लागतो. फोनवर माणूस नसतो. एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज असतो, आणि त्या आवाजाला मी अजूनही घाबरतो. माणसाला घाबरलो की निदान त्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेता येतो. या बाईला चेहराच नाही. ती विचारते, "या आठवड्यात तुम्ही काम केलंत का? केलं असल्यास एक दाबा. नसल्यास दोन दाबा. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे." शेवटचं वाक्य ती इतक्या गोड आवाजात म्हणते, की मला पहिल्याच दिवशी आपण काहीतरी चोरलंय असं वाटू लागलं.

तरीही बरेच आठवडे मी नीट दोन दाबत आलो. त्यानंतर एका रविवारी एक दाबलं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

मी का दाबलं हे सांगायचं तर माझा धंदा सांगायला हवा. हार्मन्स गॅप या आमच्या जुन्या खाणीच्या गावात एकच छापखाना होता आणि तिथे मी जन्मभर मुद्रितं तपासली. प्रार्थनेची पुस्तकं, अंत्यविधीवाल्यांची कॅलेंडरं, अग्निशमन दलाच्या लॉटरीची तिकिटं. या धंद्यात माणसाला एक खोड लागते. 'बहुधा बरोबर असेल' हे त्याला सहन होत नाही. छापखाना बंद पडला, पण खोड चालूच राहिली. खोडीला बेकारी भत्ता लागत नाही.

घरी बसलो तेव्हा शेजारी स्टश वारगो याला माझी काळजी वाटू लागली. स्टश आयुष्यभर कोळशाचा ट्रक चालवून निवृत्त झालेला. मी चष्मा लावतो आणि पुस्तकं वाचतो म्हणून तो मला प्रोफेसर म्हणतो.

"प्रोफेसर, असं भिंतीकडे बघत बसलास तर एक दिवस भिंत उत्तर द्यायला लागेल," तो म्हणाला. "शुक्रवारी चर्चच्या तळघरात चल. बायकांना हात हवेत."

थंडी सुरू झाल्यापासून ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी सेंट बार्बराच्या तळघरात पिरोगी होतात आणि सगळं गाव ते विकत नेतं. मैद्याच्या गोल पारीवर बटाटा नि चीजचं सारण ठेवायचं, पारी दुमडायची, कडा दाबायच्या. मग आत शेगडीवाल्या बायका ते उकळत्या पाण्यात सोडतात आणि लोण्यात परतलेल्या कांद्यात घोळवतात. त्या पैशांवर चर्चचं छप्पर अजून डोक्यावर आहे. मला कडा दाबायला बसवलं. लांब टेबलाभोवती ऐंशीच्या पुढच्या आठ-दहा बायका, मी आणि स्टश. कुणी मला फारसं बोलायला लावत नसे. बायका माझ्या डोक्यावरून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत आणि मी ऐकत कडा दाबे. खरं सांगतो, छापखाना सुटल्यापासून मला इतकं बरं कुठेच वाटलं नव्हतं.

या स्वयंपाकघराची मुख्य व्हर्ना कोस्टेलनिक. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागते, पण तिच्याशी बोलताना मी वर बघून बोलतोय असंच मला वाटतं. भरलेली ताटं ती स्वतः आत नेई. आत शेगडीपाशी काय होतं ते आम्हां बाहेरच्यांना दिसत नसे. माझ्या ताटाच्या कडेला तिनं माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. बाकी कुणाच्या ताटाला चिठ्ठी नव्हती. नव्या माणसाचा मान ठेवायची ही त्यांची रीत असावी असं मी धरून चाललो. आणि दुपारी निघताना व्हर्ना मला एक डबा भरून पिरोगी देई. "घे एमिल, घरी खा." बाकी कुणालाच डबा मिळत नव्हता. घरी येईपर्यंत ते पिरोगी बहुतेक उघडलेले असत, पण रस्त्यात खड्डे फार आहेत. चवीला उत्तम होते.

तर त्या रविवारी फोनवरच्या बाईनं विचारलं, "काम केलंत का?" समोर फ्रिज होता. फ्रिजमध्ये डबा होता. शुक्रवारी सकाळ घातली होती आणि बदल्यात डबा आला होता. हे आजवर माझ्या लक्षातच कसं आलं नाही, या विचारानं अंगावर काटा आला. मी एक दाबलं.

फोनवरची बाई क्षणभर गप्प झाली. (आवाज ध्वनिमुद्रित होता, पण गप्प झाली हे मी शपथेवर सांगतो.) मग म्हणाली, "तुमची मिळकत दाबा." फोनवर पिरोगीचं बटण नसतं. मी घाबरून फोन ठेवून दिला.

थोड्या दिवसांनी प्रश्नावली आली. कामाचं स्वरूप काय? मी लिहिलं, 'कडा दाबणे.' मालकाचं नाव? 'सेंट बार्बरा, तळघर स्वयंपाकघर.' वेतन, रोख अथवा वस्तुरूपाने? 'एक डबा पिरोगी, बटाटा व चीज.' कधीपासून? 'थंडी सुरू झाल्यापासून.' मग पुन्हा वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाकीट टाकलं. घरी येताना मन हलकं झालं होतं. इतकं मूर्ख समाधान मला त्यानंतर मिळालेलं नाही.

उत्तर आलं ते खिडकीच्या पाकिटात, आतला पत्ता बाहेरून दिसतो तसल्या सरकारी. खिडकीच्या पाकिटातून आजवर माझं भलं झालेलं नाही. पत्रात लिहिलं होतं की मी थंडीपासून नोकरीत आहे, ती मी लपवली. शुक्रवारी मी दुसऱ्या कामासाठी उपलब्धही नव्हतो. म्हणून त्या सगळ्या काळात मी भत्त्याला अपात्र होतो. दिलेला भत्ता ही जादा दिलेली रक्कम आहे आणि ती परत करावी. खाली एका चौकटीत टाईप केलं होतं, 'दोष: अर्जदाराचा.'

मी खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो खरं तर, पण पुन्हा बसलो. हिवाळाभराचा भत्ता! तो काही मी गादीखाली ठेवला नव्हता. घर गरम ठेवायच्या तेलाच्या भट्टीत तो जळला आणि चिमणीतून डोंगरावर गेला. परत करायचा तर घर विकायला हवं. आणि घर नसेल तर मग भट्टी तरी कशाला हवी होती?

स्टशनं पत्र वाचलं. माझ्या प्रश्नावलीची प्रतही वाचली. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"प्रोफेसर," शेवटी तो म्हणाला, "पोलिसांनी उलटं टांगलं तरी माणूस इतकं सांगत नाही. आणि बटाटा व चीज हे कशाला लिहिलंस?"

"पूर्ण माहिती द्या असं लिहिलं होतं."

"मग मीठ किती घातलं तेही लिहायचंस!"

त्याच्या मेव्हण्याला एकदा असंच पत्र आलं होतं. स्टशच्या मेव्हण्यावर या जगात सगळं येऊन गेलेलं आहे. मेव्हण्यानं म्हणे माफीचा अर्ज केला होता. "सरळ सांग, गरीब आहे, म्हातारा आहे, सोडून द्या."

मी खात्याला फोन केला. सकाळी लावलेला फोन दुपारी उचलला गेला, तोवर एकच सनईसारखी धून ऐकून मी तिच्यातल्या चुका शोधू लागलो होतो. पलीकडचा तरुण अगदी सभ्य होता. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"वसुली माफ होऊ शकते सर," तो म्हणाला, "पण तुमचा दोष नसेल तरच. तुमच्या पत्रात दोष आहे."

"पण माझा दोष नाही."

"मग अपील करा. अपिलात दोष नाही असं ठरलं, तर माफीचा अर्ज करता येईल."

"आणि अपिलात मी नोकरच नव्हतो असं ठरलं तर?"

"तर परत करायला काही उरणारच नाही सर. मग माफी कशाची?"

"म्हणजे माफी मिळण्यासाठी मी थोडा चुकलेला हवा, पण दोषी नको?"

पलीकडे पेन उघडल्याचा आवाज आला. "इतकं छान कुणी सांगितलं नव्हतं सर. मी लिहून घेऊ का?"

मी नको म्हटलं. आपलं काहीही आता कुणी लिहून घेऊ नये असं मला वाटू लागलं होतं.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात व्हर्ना. कोटाखाली ॲप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ. हातात खिडकीचं पाकीट.

"एमिल, मी मालकीण आहे का?"

"नाही," मी म्हणालो. तिच्याकडे बघून दुसरं काही म्हणायचा धीर नव्हता, पण खरं तर जगात मालकीण कुणी असेल तर तीच.

"मग हे कुणाला आलंय? 'मालक, तळघर स्वयंपाकघर'! तुझ्या पगाराचा कर का भरला नाही म्हणून विचारतायत. तू नोकर झालास तर टेबलाभोवतीच्या सगळ्या म्हाताऱ्या नोकर झाल्या. ऑल्गा नव्वदीची आहे. तिला मी कामावर ठेवली म्हणून सांगू? फादर तर जेवले नाहीत आज. तळघराला कुलूप लावू या म्हणतायत."

"मी खरं तेच लिहिलं, व्हर्ना."

"खरं!" तिनं पाकिटानं हवेत एक फटका मारला. "वेतन एक डबा पिरोगी, हे खरं?" मग माझ्याकडे बघून तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते रागासारखं नव्हतं. "जाऊ दे. त्या डब्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. निकाल लागेपर्यंत शुक्रवारी येऊ नकोस म्हणजे झालं."

खात्याच्या पत्रापेक्षा हे मला जास्त लागलं.

अपील लिहायला बसलो. पहिला मसुदा फार उद्धट वाटला, दुसरा फार लाचार. तिसऱ्यात दोन ठिकाणी 'तथापि' आलं होतं. मुदत संपत आली तरी माझा परिच्छेद ठरेना. शेवटच्या दिवशी स्टश आला, माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला, पाकिटात कोंबला आणि ट्रकवाल्याच्या चालीनं पोस्टाकडे निघाला. मी मागून धावत ओरडत होतो, "अरे, तिसऱ्या ओळीत पूर्णविराम राहिलाय!"

"तुरुंगात दे!" तो म्हणाला.

सुनावणी तालुक्याच्या गावी, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना मला प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटत होतं. मागे स्टश असल्यामुळे जमलं नाही. व्हर्ना आधीच येऊन बसली होती. चर्चला घालायचा कोट, डोक्यावर रुमाल, मांडीवर कापडात बांधलेलं काहीतरी. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती माझ्या बाजूनं आली आहे की विरुद्ध, ते मला कळेना आणि विचारायचं धाडस होईना.

अपील ऐकणारी अधिकारी मिस टॅलमाज नावाची एक बारीक, सर्दी झालेली बाई होती. त्यांनी टेबलावरचं ध्वनिमुद्रण यंत्र सुरू केलं आणि मला शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितला. मी डावा केला. म्हणजे पहिल्याच मिनिटाला माझी विश्वासार्हता गेली.

"मिस्टर हुदाक, शुक्रवारी सकाळी तुम्हांला कुणी नोकरी देऊ केली असती, तर तुम्ही पिरोगी सोडून गेला असतात का?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं. "मी आधी व्हर्नाला विचारलं असतं," मी म्हणालो.

मागून स्टशचा कण्हल्यासारखा आवाज आला.

"म्हणजे त्या तुमच्या वरिष्ठ होत्या? त्यांच्या परवानगीशिवाय तुम्हांला जाता येत नव्हतं?"

"त्यांच्या परवानगीशिवाय गावात कुणालाच..." मी सुरुवात केली आणि थांबलो. बाईंनी काहीतरी लिहिलं. त्यांच्या पेनाच्या आवाजाबरोबर माझं घर, भट्टी आणि पुस्तकांचं कपाट जिन्यावरून खाली चालल्याचं मला दिसलं.

"मला बोलायचंय," व्हर्ना उभी राहिली. "यानं विचारलं असतं तर मी स्वतः याला दारापर्यंत सोडलं असतं. कोट घालून दिला असता. आनंदानं."

"आनंदानं का?"

व्हर्नानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी दारात होतं तेच तिच्या चेहऱ्यावर होतं. आता मला ते ओळखू आलं. दया होती ती.

"एमिल, माफ कर रे," ती म्हणाली आणि मांडीवरचं कापड सोडलं. आत दोन डबे होते.

"इथे खाद्यपदार्थ स्वीकारता येत नाहीत," मिस टॅलमाज घाईघाईनं म्हणाल्या, पण लोण्यातल्या कांद्याचा वास सर्दीतूनही पोचला असावा, कारण त्या पुढे वाकल्या.

"हे खायला नाही. पुरावा आहे." व्हर्नानं पहिला डबा उघडला. चंद्रकोरीसारखे, एकसारखे, गुबगुबीत पिरोगी. "हे आम्ही विकतो." मग दुसरा उघडला. त्यात पाणी सुटलेला बटाटा होता आणि त्यात पारीची काही लक्तरं तरंगत होती. "हे याचे. थंडी सुरू झाल्यापासून असेच आहेत. गोठवून ठेवला होता यातला एक डबा, अस्सल नमुना आहे."

"हे यांच्याच हातचे आहेत कशावरून?" मिस टॅलमाज माझ्याकडे बघत व्हर्नाला म्हणाल्या.

"म्हणून तर ताटाला चिठ्ठी लावते. बाकीच्यांच्या पातेल्यात चुकून गेले तर सगळं पाणी खराब होतं. याचं पातेलं वेगळं आहे."

माझं वेगळं पातेलं आहे हे मला तेव्हा कळलं.

"आणि तो डबा? वेतन म्हणून दिलेला?"

"कसलं वेतन! हे विकता येत नाहीत. टाकून द्यायला मन होत नाही. ज्यानं केलं त्यानं न्यावं. एकटा राहतो, निदान खाईल तरी."

यंत्राचं चाक फिरत होतं. इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझं घर त्या डब्यातल्या लगद्यावर उभं होतं, हे मला समजत होतं. पण माणसाच्या आत काय बसलेलं असतं कोण जाणे. जन्मभर कुणाला उलट न बोललेला मी, कान तापलेला, म्हणालो,

"अलीकडे सुधारणा होती. शेवटच्या शुक्रवारी काही टिकले होते."

स्टशनं मागून माझ्या खुर्चीला लाथ घातली.

"टिकले?" मिस टॅलमाजनी पेन उचललं. "म्हणजे विक्रीयोग्य झाले?"

खोलीतली हवा संपल्यासारखं झालं मला. व्हर्ना मात्र जागची हलली नाही.

"टिकले म्हणजे पाण्यातून बाहेर काढेपर्यंत टिकले, बाईसाहेब," ती म्हणाली. "ताटलीत ठेवताना गेले."

"मिस्टर हुदाक, तुम्हांला यावर काही म्हणायचंय?"

मी त्या दोन डब्यांकडे पाहिलं. रस्त्यातल्या खड्ड्यांची आठवण झाली. "नाही," मी म्हणालो. "ते माझेच आहेत. ओळखले मी."

निकालाचं पाकीट आलं ते नेमकं शुक्रवारी. खिडकीचंच. मला ते उघडवेना. कोट चढवला आणि न उघडताच तळघरात घेऊन गेलो. व्हर्नानं पारी कापायच्या सुरीनं ते फाडलं आणि टेबलापुढे उभी राहून मोठ्यानं वाचलं. अर्जदाराचा सहभाग धर्मादाय स्वरूपाचा होता. त्याला मिळालेल्या वस्तूस, 'कारागिरीचा दर्जा पाहता,' बाजारात कोणतीही किंमत नव्हती. सबब तो नोकर नव्हता, भत्त्याला पात्र होता आणि आहे, आणि त्याच्याकडून काहीही येणं नाही.

बायकांनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. पांढरा धुरळा उडाला. ऑल्गानं माझ्या गालाचा मुका घेतला. फादर वरून खाली आले आणि दोन डबे विकत घेऊन गेले. 'कारागिरीचा दर्जा पाहता' हे शब्द अधोरेखित करून व्हर्नानं निकाल तळघरातल्या फ्रिजच्या दारावर चिकटवला. तो तिथे अजून आहे. मी त्या फ्रिजमधून दूध काढताना डोळे मिटून काढतो.

"ये, बस," मग ती म्हणाली. तिला बहुधा वाईट वाटत असावं, कारण ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली. "सारण कमी घे. तू पोत्यासारखं भरतोस. कड ओल्या बोटानं पुस. आता दाब. भितोस काय? त्याला दुखत नाही." मी सारण कमी घेतलं. कड पुसली. दाबलं.

थोड्या वेळानं तिनं मला आत बोलावलं. शेगडीपाशी मी त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो. कोपऱ्यात एक लहान पातेलं होतं, तेच माझं. आत पिरोगी वर आले होते. गुबगुबीत. मिटलेले. सगळे.

"अरे एमिल!" व्हर्ना म्हणाली. "एकही फुटला नाही! काढ, विकायच्या डब्यात घालू या." आणि ती डबा आणायला वळली.

मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता. तो जेमतेम एक श्वास टिकला. कारण पुढच्या श्वासाला मला रविवार आठवला. भत्त्याचे अजून बरेच आठवडे बाकी होते. बाजारात किंमत! ती गोड आवाजाची बाई कानात बोलू लागली. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेगडीशेजारी एक काटा पडला होता. तो उचलला आणि पातेल्यातल्या सगळ्यात सुबक पिरोगीच्या पोटात, डोळे मिटून, खुपसला.

डोळे उघडले तेव्हा व्हर्ना डबा घेऊन बाजूला उभी होती. तिनं पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दारातून फ्रिजकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. माझ्या हातातून काटा काढून घेतला.

"असं नव्हे," ती हळूच म्हणाली. "कडेला खुपस. मध्ये खुपसलं की मुद्दाम केल्यासारखं दिसतं."